सेसना १७२ घेऊन ग्रँड कॅन्यनच्या मुलखात

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातून भाड्याचं सेसना १७२ हे छोटं विमान घ्यायचं, युटा आणि ॲरिझोनाचा लाल दगडांचा मुलूख वरून पाहायचा आणि आठवड्याभरात परत यायचं. खासगी पायलटचं लायसन्स हाती असेल तर ही सहल आवाक्यातली आहे. वळसे धरून अंतर सुमारे १,६०० नॉटिकल मैल होतं. ११० नॉटच्या (ताशी नॉटिकल मैल) सरासरीने ते १५ तासांत कापलं जातं. टॅक्सी (जमिनीवर विमान चालवणं) आणि घिरट्या धरून १८ तास धरा. अंतराची धास्ती नको. या मुलखात माणसं अडचणीत येतात ती उंची, ऊन आणि वजन यांचा हिशोब चुकल्यामुळे. म्हणून आखणी नकाशावरच्या रेघेपासून नाही, तराजूपासून सुरू करायची.

लायसन्स आणि पैसे

भारतातल्या डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) पीपीएल, म्हणजे खासगी पायलटचं लायसन्स, असेल तर अमेरिकेत पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत नाही. त्याच्या आधारावर एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन, आपलं सर्टिफिकेट देतं. त्यासाठी आधी लायसन्सच्या पडताळणीचा अर्ज करायचा, पत्र आलं की एफएएच्या स्थानिक कार्यालयात प्रत्यक्ष जायचं आणि मग इन्स्ट्रक्टरबरोबर फ्लाइट रिव्ह्यू (उजळणीची उड्डाण-तपासणी) पूर्ण करायचा. पडताळणीला वेळ लागतो, तेव्हा तिकीट काढायच्या निदान तीन महिने आधी अर्ज टाकलेला बरा. भाड्याने देणारा क्लब याशिवाय स्वतःचं चेकआउट (विमान हाताळण्याची चाचणी) घेतो. ते डोंगराळ भागातल्या उड्डाणाचा सराव असलेल्या इन्स्ट्रक्टरकडूनच घ्या.

मित्र सोबत असतील तर खर्च वाटून घेता येतो, पण खासगी पायलटला स्वतःचा समान वाटा भरावाच लागतो. तिघं असतील तर इंधन, तेल, विमानतळाचं शुल्क आणि भाडं यांचा तिसरा हिस्सा पायलटचा. ‘तू उडव, पैसे आम्ही बघतो’ हे प्रेमाचं असलं तरी नियमात बसत नाही.

तराजू

१७२च्या ‘एस’ मॉडेलमध्ये (१७२ एस) चार सीट आहेत म्हणून चार माणसं बसवायची नसतात. १८० अश्वशक्तीचं इंजिन आणि कमाल वजन २,५५० पौंड. नव्या पडद्यांच्या विमानांत माणसं, सामान आणि इंधन मिळून साधारण ८७० पौंड उरतात. नेमका आकडा तुमच्या विमानाच्या कागदांतूनच घ्या. १७० पौंडांची तीन माणसं म्हणजे ५१०. बॅगा ६०, पाणी, दोर आणि बारीकसारीक वस्तू ३५. उरले २६५. अव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) गॅलनला ६ पौंड, म्हणजे ४४ गॅलन बसतात. टाकीत वापरण्याजोगे ५३ मावतात, पण टाकी भरली की वजन हद्दीबाहेर जातं. ताशी साडेनऊ गॅलनने ४४ गॅलन साडेचार तासांहून थोडे जास्त पुरतात. दिवसा अर्ध्या तासाचा साठा कायद्याने पुरेसा असला तरी या ओसाड भागात एक तासाचा ठेवावा. उंचावरच्या विमानतळांवरून निघताना ३५ गॅलनच ठेवले तर आणखी ५४ पौंड हलके व्हाल.

चाकांच्या सूटकेसी घरी ठेवून मऊ कापडी बॅगा घ्या. मागच्या सामानकप्प्याची मर्यादा १२० पौंड आहे, पण मागे बसलेला गडी आडदांड असेल तर त्याआधीच तोल मागे जातो. प्रत्येक टप्प्याचा तोल वेगळा मांडा.

महिना कोणता

सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर. एप्रिल-मेमध्ये वारं सुटलेलं असतं. जुलै ते मध्य सप्टेंबर तिथलाही मान्सून असतो, तोही त्याच नावाचा. मात्र तो आपल्यासारखा झडीचा नाही. सकाळ लख्ख, दुपारी एकच्या सुमारास ढग चढू लागतात आणि तीनला विजा.

महिना कोणताही असो, उड्डाण उजाडताच करायचं आणि अकराच्या आत विमान बांधून टाकायचं. तापलेल्या दगडांवरून उठणाऱ्या हवेत दुपारी विमान असं उडतं की मागच्या सीटवरच्याला दृश्यापेक्षा पिशवी जवळची वाटते. रात्रीचं उड्डाण इथे करूच नका. जमिनीवर दिवे नाहीत आणि डोंगर दिसत नाहीत.

वाट उलटी धरा

बहुतेक जण आधी ग्रँड कॅन्यन आणि मग पुढे, अशी वाट आखतात. आमच्या मते ती उलटी हवी आणि त्याला ठोस कारण आहे. १९८७ पासून कॅन्यनवर विशेष नियमांचं क्षेत्र आहे. त्यातल्या उड्डाणबंदीच्या भागांवरून १४,५०० फुटांखाली जाता येत नाही. त्यांच्या मधून ठरलेल्या पट्ट्या आहेत: झूनी पॉइंट, ड्रॅगन, फॉसिल कॅन्यन आणि टकअप. खासगी विमानांनी त्यांतून उत्तरेकडे जाताना ११,५०० किंवा १३,५०० आणि दक्षिणेकडे येताना १०,५०० किंवा १२,५०० फुटांवर राहायचं.

आता १७२ची कमाल उंची १४,००० फूट आहे, तीही प्रमाण तापमानाला, म्हणजे त्या उंचीवर हिशोबासाठी धरलेल्या तापमानाला. ११,५०० फुटांवर प्रमाण तापमान उणे ८ अंश असतं. दुपारी तिथे १२ अंश असेल तर तापलेली हवा विरळ झाल्याने विमानाच्या लेखी ती उंची १३,९०० फूट होते. तिथे नाक वर धरून जेमतेम तरंगत राहाल आणि खालचा कॅन्यन पाहायचा राहूनच जाईल. उत्तरेकडून दक्षिणेकडे आलात तर १०,५०० पुरतात आणि ऑक्सिजनची सक्तीही लागत नाही. एक हजार फुटांनी या विमानाला फार फरक पडतो.

तेव्हा वाट अशी: पालो आल्टो, तेहाचापी, बुलहेड, सेंट जॉर्ज, ब्राइस, मोॲब, मॉन्युमेंट व्हॅली, पेज, ग्रँड कॅन्यन, बुलहेड आणि घर.

तेहाचापीनंतर एडवर्ड्सच्या लष्करी क्षेत्राला दक्षिणेकडून, पामडेलच्या बाजूने वळसा घाला. बुलहेड ते सेंट जॉर्ज सरळ गेलात तर कॅन्यनच्या विशेष क्षेत्राची पश्चिम कड लागते, आणि फार डावीकडे सरकलात तर लास व्हेगासचं क्लास बी, म्हणजे नियंत्रित हवाई क्षेत्र. मधून टेंपल बार आणि मेस्किट धरून जा. पुढे ब्राइसकडे जाताना वाटेत झायन राष्ट्रीय उद्यान लागतं. राष्ट्रीय उद्यानांवर जमिनीपासून २,००० फूट उंच राहण्याची विनंती चार्टवर (उड्डाणाच्या नकाशावर) छापलेली असते. ती पाळावी, सर्वांत उंच सुळक्यापासून मोजावी.

ब्राइस ते मोॲब ही सरळ रेघ बोल्डर माउंटनवरून जाते आणि त्याचा माथा ११,००० फुटांवर आहे. एस्कलांटेवरून बोल्डर गावापर्यंत रस्ता धरा, तिथून पूर्वेला वळा आणि वॉटरपॉकेट फोल्डची शंभर मैल लांब दगडी घडी डावीकडे ठेवून उत्तरेला हँक्सव्हिलकडे निघा. उजवीकडे हेन्री पर्वत राहतात. वेळ पंधरा मिनिटं जास्त लागतो आणि सहलीतला सर्वांत देखणा तुकडा मिळतो, तोही गर्दीशिवाय.

मॉन्युमेंट व्हॅलीत तळ ५,२०० फुटांवर आणि सुळके त्याहून हजारेक फूट उंच, म्हणून ८,५०० फुटांवरून पाहा. ही नवाहो लोकांची भूमी आहे. शेजारची धावपट्टी खासगी असल्याने आगाऊ परवानगीशिवाय तिथे उतरू नका.

ब्राइसचा टेकऑफ

सगळ्या वाटेवरचा कठीण टेकऑफ हाच. विमानतळ ७,५९० फुटांवर आहे. प्रमाण तापमान तिथे शून्याच्या आसपास. त्यावरच्या प्रत्येक अंशाला १२० फूट वाढवा. सकाळी ५ अंश असतील तर ८,२०० फूट, दुपारी २५ असतील तर १०,६००. विमान तेच, रनवे तोच, पण दुपारी चढण समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी.

रनवेच्या तोंडाशी ब्रेक धरून पूर्ण थ्रॉटल द्या आणि मिक्स्चर (पेट्रोल आणि हवेचं प्रमाण ठरवणारा नॉब) हळूहळू मागे ओढा. आरपीएम आधी वाढतील, मग उतरू लागतील. सर्वोच्च आकडा गाठून नॉब किंचित पुढे सारा. किनारपट्टीच्या सवयीने मिक्स्चर पूर्ण रिच ठेवून धावलात तर इंजिन जास्त पेट्रोलाने गुदमरतं आणि आधीच कमी असलेली ताकद आणखी घटते.

मग धाव. नाक उचलायचं ते ५५ नॉटलाच, काट्यावर वाचून. विरळ हवेत काट्यावर ५५ असताना जमिनीवरचा वेग बराच जास्त असतो, त्यामुळे बाजूचे दिवे भराभर मागे जातात आणि हात आपोआप योक (विमानाचं सुकाणू) ओढायला जातो. ओढू नका. लवकर उचललेलं विमान जमिनीलगतच्या हवेच्या आधाराने दहा फूट वर येतं आणि तिथेच अडकतं. अर्ध्या रनवेपर्यंत उचलण्याच्या वेगाच्या ७० टक्के, म्हणजे ३८ नॉट झाले नसतील तर थ्रॉटल बंद करून ब्रेक लावा. रनवे ७,००० फुटांहून लांब आहे, थांबायला जागा उरते. लँडिंगलाही काटाच खरा: फायनलवर (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर) ६५, मग जमीन कितीही वेगाने येताना दिसो.

गरम इंजिन

गरम इंजिन पटकन सुरू न होण्याची तक्रार पेट्रोल भरून अर्ध्या तासाने निघताना हमखास येते. १७२ एसला फ्युएल इंजेक्शन आहे. इंजिन बंद केल्यावर वरची उष्णता बारीक नळ्यांत साचते आणि पेट्रोलाची वाफ होते. प्राइम करू नका, म्हणजे सुरू करण्याआधी जादा पेट्रोल सोडू नका. मिक्स्चर पूर्ण मागे, थ्रॉटल अर्धा इंच पुढे, स्टार्टर फिरवा आणि इंजिनाने पकडलं की मिक्स्चर पुढे. तरीही नुसतंच घरघरत असेल तर बहुधा पेट्रोल जास्त झालंय: मिक्स्चर मागेच ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडा. स्टार्टर दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये वीस सेकंद विश्रांती. अशा तीन फेऱ्या झाल्या की दहा मिनिटं थांबा. घाईत बॅटरी संपवून बसणारे पुष्कळ. थांब्यावर विमान नाक वाऱ्याकडे करून उभं केलं तर इंजिन थोडं लवकर निवतं.

पंपावर

छोट्या विमानतळांवर पंप आपणच चालवायचा. आधी अर्थिंगची तार चिमट्याने धातूच्या भागाला लावा, मग कार्ड घासा. पंपावरचं १००एलएल हे अव्हगॅसचं नाव स्वतः वाचा, रंग निळा. भरून झाल्यावर झाकण उघडून डिपस्टिकने मोजा, पडद्यावरच्या काट्यांवर विसंबू नका. मग ड्रेन (थोडं पेट्रोल कपात काढून पाहायच्या झडपा): प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन, असे तेरा. कपात पाणी असेल तर ते खाली थेंब होऊन बसतं. पाणी निघालं तर निव्वळ निळं येईपर्यंत काढत राहा. निघण्यापूर्वी पुढच्या विमानतळाला फोन करून पंप चालू आहे का विचारा आणि नोटॅमही (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) पाहा.

कॅन्यनवरची सकाळ

ग्रँड कॅन्यनचा स्वतंत्र व्हीएफआर (बाहेर नजर ठेवून उडणाऱ्यांसाठीचा) चार्ट मिळतो. एक बाजू व्यावसायिक विमानांसाठी, दुसरी खासगीसाठी. आपली बाजू वर ठेवा. पट्टीचे प्रवेशबिंदू जीपीएसमध्ये आदल्या रात्री भरून ठेवा आणि फ्रिक्वेन्सीही लिहून ठेवा. पेज ४,३१६ फुटांवर आहे, म्हणजे ६,००० फुटांहून जास्त चढायचं. पॉवेल तलावावर एक घिरटी घेऊन चढा, धरण आणि हॉर्सशू बेंडही तेवढ्यात दिसतात. झूनी पॉइंटच्या पट्टीत शिरण्याआधी १०,५०० फुटांवर सपाट उडत असायला हवं. आत सहलवाल्यांची हेलिकॉप्टरं खालच्या उंचींवर असतात, म्हणून उंची ढळू देऊ नका आणि आपली जागा चार्टवरच्या फ्रिक्वेन्सीवर सांगत राहा.

खिडक्या आदल्या संध्याकाळी पाण्याने आणि मऊ सुती फडक्याने पुसा. अमोनियाचा ग्लास क्लीनर प्लेक्सिग्लासवर बारीक चिरा पाडतो. पोलराइज्ड गॉगल नको, त्यातून पडदे काळे दिसतात. पायलटने फोटो काढायचे नाहीत.

१०,००० फुटांवर काहींचं डोकं जड होतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर खिशात असू द्या आणि तासभरात खाली या. ग्रँड कॅन्यनचा विमानतळ ६,६०९ फुटांवर, रनवे जवळपास ९,००० फूट. निघताना पश्चिमेला सरळ गेलात तर पुन्हा विशेष क्षेत्रात शिराल. आधी दक्षिणेला, मग सेलिगमनवरून बुलहेड.

जमिनीवरची कामं

रोज मुक्कामी विमान तीन दोरांनी बांधायचं, चाकांना चोक लावायचे, कंट्रोल लॉक घालायचा. दोर स्वतःचे न्या, काही ठिकाणी नुसत्या कड्या असतात. मोॲबचा विमानतळ गावापासून १८ मैल आहे, गाडी आधी सांगून ठेवा. पेजला गाव लगतच. उन्हाळी वेळेत युटा एक तास पुढे असतो आणि ॲरिझोना घड्याळ हलवत नाही. हवामान झूलू वेळेत (यूटीसी) वाचा, हॉटेलचं चेकआउट मात्र स्थानिक.

प्रत्येक टप्प्याचा व्हीएफआर फ्लाइट प्लॅन भरा आणि वाटेत फ्लाइट फॉलोइंग (रडारवरून लक्ष ठेवण्याची सेवा) मागा. उतरल्यावर प्लॅन बंद करायला विसरलात तर अर्ध्या तासाने शोध सुरू होतो. मोबाइलला रेंज नसलेली ठिकाणं आहेत, म्हणून उतरण्याआधी रेडिओवरूनच बंद केलेला सोयीचा. विमानात माणशी चार लिटर पाणी, गरम जॅकेट आणि ४०६ मेगाहर्ट्झचा वैयक्तिक बीकन (संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र) हवा. बीकन बॅगेत नाही, अंगावर.

भाडं वेट (इंधनासकट) असेल तर बाहेर भरलेल्या इंधनाचे पैसे क्लब परत देतो, पण बहुधा आपल्याच दराने. महागड्या पंपाचा फरक तुमच्या खिशातून जातो. म्हणून पावती घेतली की तिच्यावर विमानाचा क्रमांक आणि गॅलन तिथल्या तिथे लिहा. क्लबचं रोजचं किमान तासांचं भाडं असतं, ते निघण्यापूर्वीच विचारून घ्या: आठ दिवस नेऊन अठरा तास उडवलंत तर न उडवलेल्या तासांचंही बिल येऊ शकतं.