आमदारांच्या कार्यालयात लेखी प्रश्न लिहिताना : सीमाभागातून या कामाकडे वळणाऱ्यांसाठी

बेळगाव जिल्ह्यातील एका आमदारांच्या कार्यालयात मी रुजू झालो तेव्हा शिफारसपत्रे टंकित करणे आणि फोन घेणे एवढेच आपले काम असेल, अशी माझी समजूत होती. पहिल्याच अधिवेशनाच्या तोंडावर साहेबांनी निवेदनांची एक जाडजूड फाइल माझ्यापुढे सरकवली आणि त्यातून मंत्र्यांना विचारायचे लेखी प्रश्न काढायला सांगितले. निवेदने बहुतेक मराठीत होती आणि प्रश्न कन्नडमध्ये लिहायचे होते. माझे शिक्षण दहावीपर्यंत खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत झालेले. कन्नड मला आठवडी बाजारात बोलण्याइतके आणि बसवरची पाटी वाचण्याइतके येत होते. अशाच पायावर उभी असलेली मुले-मुली हल्ली या कामाविषयी विचारायला येतात, म्हणून जे चुकत-माकत शिकलो ते लिहून ठेवतो.

प्रकार थोडक्यात सांगतो. तारांकित प्रश्न, म्हणजे कन्नडमधील ‘चुक्के गुरुतिन प्रश्ने’, यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित, म्हणजे ‘चुक्के रहित’, प्रश्नाचे उत्तर लेखी येते आणि तेथेच थांबते. नवख्या माणसाला पहिल्या प्रकाराचे आकर्षण असते, कारण त्यात साहेब उभे राहतात, मंत्री गडबडतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. मात्र २२४ सदस्यांच्या विधानसभेत प्रश्नोत्तराच्या एका तासात मोजक्याच प्रश्नांची पाळी येते. गावाच्या उपयोगाचा आकडा हवा असेल तर अतारांकित प्रश्न अधिक भरवशाचा, हे माझे मत आजही कायम आहे. आपल्याकडे कायदेमंडळात प्रश्न विचारण्याचा अधिकार १८९२च्या कायद्याने मिळाला तोही पुरवणी प्रश्नाविनाच. मूळ प्रश्नकर्त्याला पुरवणी प्रश्नाची मुभा १९०९मध्ये मिळाली. म्हणजे लेखी प्रश्नाचा हा कोरडा प्रकारच मुळातला आहे.

आता प्रश्नाच्या घडणीकडे येतो, कारण सगळे कसब तेथेच आहे. कर्नाटकात प्रश्नाचे अ, आ, इ, ई असे पोटभाग पाडतात आणि उत्तर दोन स्तंभांच्या तक्त्यात येते, डावीकडे प्रश्न आणि उजवीकडे उत्तर. पहिल्या पोटभागाची ठरलेली सुरुवात म्हणजे ‘सरकारद गमनक्के बंदिदेये’, अर्थात ही बाब सरकारच्या लक्षात आली आहे काय. मुंबईच्या विधिमंडळात याच जागी ‘हे खरे आहे काय’ असते. बेळगाव १९५६पर्यंत मुंबई राज्यात होते, त्यामुळे जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही तेच वळण येते. दोन्हीकडची गोम एकच आहे. पहिल्या पोटभागाला ‘लक्षात आलेले नाही’ असे उत्तर मिळाले की पुढच्या सगळ्या पोटभागांसमोर एकच शब्द छापून येतो : ‘उद्भविसुवुदिल्ल’. मराठीत ‘प्रश्न उद्भवत नाही’. महिनाभर खपून लिहिलेले चार पोटभाग एका शब्दात संपतात.

यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. तक्रारीने सुरुवात न करता संख्येने करावी. ‘अमुक गावांत शिक्षक नसल्याने मुलांचे नुकसान होत असल्याचे सरकारच्या लक्षात आले आहे काय’ असे विचारले तर उत्तर देणाऱ्याला नकाराची वाट मिळते. ‘खानापूर तालुक्यातील सरकारी मराठी प्राथमिक शाळांत मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त किती, शाळानिहाय माहिती द्यावी’ असे विचारले तर त्याला हजेरीपट आणि पदांचा तक्ता उघडावाच लागतो. जो आकडा एखाद्या कार्यालयाच्या वहीत आधीपासूनच आहे तोच मागावा. जो नव्याने गोळा करावा लागेल त्याला ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ हे उत्तर ठरलेले.

हे शहाणपण मला आयते मिळालेले नाही. पहिल्या वर्षी मी लिहिलेल्या एका प्रश्नात, तालुक्यात एकही शिक्षक नसलेल्या मराठी शाळा किती आहेत, असे विचारले होते. उत्तर आले, एकही नाही. निवेदन घेऊन आलेल्या गावकऱ्यांना ते दाखवायची मला लाज वाटली. वर्गात कायम शिक्षक नाही हे त्यांना रोज दिसत होते, आणि उत्तर तरीही खोटे नव्हते, कारण त्या शाळांवर अतिथी, म्हणजे तात्पुरते नेमलेले, शिक्षक होते आणि अतिथी शिक्षक हाही शिक्षकच. चूक माझ्या प्रश्नाची होती. पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न आम्ही मंजूर पदे, कायम शिक्षक, अतिथी शिक्षक आणि अन्यत्र पाठवलेले शिक्षक अशा चार रकान्यांत विचारला, तेव्हा चित्र उघडे पडले.

त्या चौथ्या रकान्याने मला आणखी एक धडा दिला. एका शाळेपुढे ‘नियोजने मेले’ असा शेरा होता. मराठी वाचणाऱ्याला त्यात नियोजन दिसते (‘मेले’ हा शब्द दिसल्यावर काय वाटते ते सोडून देऊ), आणि मीही गावकऱ्यांना सांगून मोकळा झालो की शिक्षकाचे नियोजन झाले आहे, लवकरच येतील. दोन महिन्यांनी त्या गावातील निवृत्त गुरुजी कार्यालयात आले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘बाळा, नियोजने म्हणजे प्रतिनियुक्ती. आमचा मास्तर दुसरीकडं पाठवलाय, आणि तू म्हणतोस येणार आहे.’’ ‘मेले’ म्हणजे ‘वर’. शिक्षक प्रतिनियुक्तीवर बाहेर होते, आणि कागदोपत्री पद भरलेले असल्यामुळे दुसरा कोणी येण्याची शक्यताही नव्हती.

दोन्ही भाषांनी संस्कृतातून घेतलेले शब्द सारखे दिसतात आणि नेमके तेथेच पाय घसरतो. कन्नड सरकारी लिखाणात ‘प्रस्तावने’ म्हणजे प्रस्ताव. मराठी माणूस पुस्तकाची प्रस्तावना समजतो. ‘क्रम’ म्हणजे कारवाई, आणि ‘क्रम कैगोळ्ळलागुवुदु’ म्हणजे कारवाई केली जाईल. ‘परिशीलनेयल्लिदे’ म्हणजे विचाराधीन आहे. या शब्दावर तर वर्षे निघून जातात. अशा शब्दांची एक वही मी तेव्हापासून ठेवली असून नवीन येणाऱ्याने ती पहिल्या दिवसापासून ठेवावी. कन्नड चांगले यायला हवे, याला पर्याय नाही. आपल्या मराठीपणाला त्याने बाधा येते असे मानणारे काही जण मला भेटतात. त्यांना मी एवढेच म्हणतो की मराठी शाळेचा प्रश्न कन्नडमध्ये बिनचूक लिहिता आला नाही तर तोटा मराठी शाळेचा होतो. राज्यघटनेच्या २१०व्या अनुच्छेदानुसार सदस्याला राज्याच्या राजभाषेत किंवा हिंदी-इंग्रजीत पुरेसे व्यक्त होता येत नसेल तर सभागृहाचे अध्यक्ष त्याला मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात, पण ती तरतूद सभागृहातील भाषणासाठी आहे, आपल्या टेबलावरील मसुद्याच्या कामी ती येत नाही.

प्रश्न दाखल करून घेण्याचे नियम सर्वत्र साधारण सारखे आहेत : एका प्रश्नात एकच विषय असावा, त्यात मत, उपरोध किंवा आरोप नसावा, मंत्र्याचे वैयक्तिक मत मागू नये, आधी उत्तर मिळालेला प्रश्न पुन्हा विचारू नये आणि न्यायप्रविष्ट बाबीला हात घालू नये. शेवटचा नियम आमच्या भागात रोज आडवा येतो. ८६५ गावांवर दावा सांगणारा महाराष्ट्राचा मूळ दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यामुळे सीमेच्या निकालाशी संबंधित काहीही विचारणे म्हणजे प्रश्न परत घेण्याची तयारी ठेवणे. निवेदनांत मात्र सीमाप्रश्न आणि रोजच्या अडचणी एकाच वाक्यात गुंफलेल्या असतात, आणि त्या सोडवून वेगळ्या करणे हे आपले काम आहे. गाव कोणत्या राज्यात असावे हा विषय न्यायालयाचा. त्या गावातील सरकारी सूचना मराठीत मिळते का, हा विषय मंत्र्यांना विचारता येतो.

त्यासाठी भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची मान्य झालेली योजना तोंडपाठ असावी. ज्या क्षेत्रात अल्पसंख्याक भाषा बोलणारे १५ टक्के किंवा अधिक आहेत तेथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे तिच्यात आहे. प्राथमिक शाळेत ४० किंवा एका वर्गात १० विद्यार्थी त्या भाषेचे असतील तर त्या भाषेतून शिकवण्याची सोय करावी, हा निकष तर १९४९पासूनचा. घटनेतील ३५०-अ (मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण) आणि ३५०-ब (भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी) या अनुच्छेदांचा उल्लेख प्रस्तावनेसारखा न करता निकषाचा आकडा आणि गावाचा आकडा शेजारी-शेजारी ठेवावा. तशा प्रश्नाला उडवून लावणे कठीण जाते.

कोणती बाब कोणाच्या अखत्यारीत आहे हे आधी पाहावे, नाहीतर प्रश्न चुकीच्या दारात जातो. चिकोडी, निपाणी, रायबाग भागातील उसाचे उदाहरण घ्या. उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, ज्याला शेतकरी एफआरपी म्हणतो, केंद्र सरकार ठरवते, म्हणून ‘दर वाढवणार काय’ हा प्रश्न खासदारांमार्फत लोकसभेत जायला हवा. तेथे दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्नांची मर्यादा आहे आणि सोडतीत नाव यावे लागते. परंतु ऊस नियंत्रण आदेश, १९६६ यानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज लागते आणि थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करता येते, आणि ही वसुली राज्य यंत्रणेकडे आहे. मग प्रश्न असा होतो : जिल्ह्यातील किती कारखान्यांनी १४ दिवसांची मुदत पाळली नाही, कारखानानिहाय थकबाकी किती, किती व्याज आकारले आणि वसुलीचे किती आदेश काढले. यातील ‘किती व्याज आकारले’ हा पोटभाग कधीही गाळू नये.

याउलट भीमगड अभयारण्यातील गावांच्या रस्त्यांचा प्रश्न. पावसाळ्यात रुग्णाला तिरडीसारख्या डोलीवर घालून आणावे लागते, हे सांगताना तेथील बायकांचा आवाज बसतो. आम्ही प्रश्न सार्वजनिक बांधकाम खात्याला विचारला. उत्तर आले की जागा वनखात्याची आहे. वनखात्याला विचारला, तर प्रस्ताव आल्यास नियमानुसार तपासू, असे कळवले. प्रस्ताव कोणी पाठवायचा याचे उत्तर कोणाच्याच स्तंभात नव्हते. तेव्हापासून असा विषय असला की आम्ही दोन खात्यांना एकाच अधिवेशनात दोन वेगळे प्रश्न देतो आणि दोन्ही उत्तरे समोरासमोर ठेवतो. रस्ता अजून झालेला नाही.

प्रश्नाआधीची माहिती गोळा करायला माहिती अधिकार उपयोगी पडतो. कर्नाटकच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. लोकसभेच्या प्रश्नालाही १५० शब्दांचीच मर्यादा आहे, त्यामुळे अर्ज लिहिता-लिहिता हात आपोआप बसतो. तांत्रिक बाजूची एक सूचना : सरकारी कन्नड मजकूर बराचसा ‘नुडी’ टंकात असतो आणि तो टंक आपल्या संगणकावर नसेल तर उत्तराऐवजी चिन्हांची खिचडी दिसते. मी एकदा अख्खी दुपार ती फाइल बिघडली आहे असे समजून घालवली.

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरले की आमच्या कार्यालयाची झोप उडते. हलग्याजवळची ती इमारत २०१२मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून गावकऱ्यांना मंत्री जवळ आल्यासारखे वाटतात. निवेदने दुप्पट होतात. पण प्रश्नांची पूर्वसूचना त्याआधीच द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर आलेल्या मावशीला ‘तुमचा प्रश्न आता पुढच्या वेळी’ असे सांगणे हा या कामातील सर्वांत अवघड भाग आहे, आणि तो टाळायचा असेल तर दिवाळीच्या आसपासच गावोगावी फिरून विषय गोळा करावे लागतात.

या नोकरीला ठरलेली परीक्षा नाही. दिल्लीत खासदारांसोबत काम करणाऱ्या तरुणांसाठी लॅम्प नावाची फेलोशिप आहे. आमदारांच्या कार्यालयात मात्र ओळखीतून आणि तुम्ही लिहिलेला नमुना पाहूनच प्रवेश मिळतो. म्हणून कोणाकडे काम मागायला जाताना अर्जासोबत स्वतः तयार केलेले दोन प्रश्न न्यावेत, त्यांचा कन्नड मसुदा आणि मराठी गोषवारा दोन्ही. विधानसभेच्या संकेतस्थळावर जुनी प्रश्नोत्तरे कन्नडमध्ये आहेत. त्यातील आपल्या तालुक्याची उत्तरे रोज एक याप्रमाणे वाचली तर तीन महिन्यांत सरकारी वळण अंगवळणी पडते.

उत्तर आल्यावर आम्ही त्याचा मराठी अनुवाद करून मूळ प्रतीला टाचतो आणि निवेदन दिलेल्या गावाला दोन्ही देतो. मंत्र्यांनी ‘करू’ म्हटलेले प्रत्येक वाक्य वेगळ्या वहीत तारखेसह उतरवतो, कारण सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती असते आणि तिच्याकडे जाताना नेमके शब्द लागतात. त्या प्रतिनियुक्तीच्या शाळेचे पान अजून त्या वहीत उघडेच आहे. गेल्या अधिवेशनातील उत्तर ‘परिशीलनेयल्लिदे’ होते, आणि गुरुजींनी ते वाचून पुढच्या प्रश्नाचा मसुदा स्वतःच लिहून आणला, पाच रकान्यांचा.