थंड चेनसॉ चालू होत नाही आणि प्लग कोरडा? कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (पातळ लवचिक पडदा) बघा (माझा अनुभव)

सकाळी थंड मशीन चोक लावून कितीही ओढलं तरी साधा 'फट्' नाही. एकदा कसंबसं धरलं की मात्र दिवसभर एका ओढीत चालू. ऐन आंब्याच्या छाटणीत खांद्याचा पार भुगा झाला.

नवा प्लग, एअर फिल्टर, टाकीतला फिल्टर, ताजं पेट्रोल (लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक तेल): फरक शून्य. खरी खूण म्हणजे इतकं ओढूनही प्लगचं टोक कोरडं ठणठणीत. म्हणजे पेट्रोलच पोचत नव्हतं. नळी चिरलेली नव्हती, उरला कार्ब्युरेटर.

टाकी रिकामी करून तो काढला. एका स्क्रूचं झाकण उघडलं, तर पंपाचा डायफ्रॅम जुन्या एक्स-रे फिल्मसारखा कडक. थंडीत तो हलणार कसा? आतली बारीक जाळी धुतली आणि रिपेअर किट (नवे डायफ्रॅम आणि गॅस्केट) बसवलं. पंपाच्या बाजूला आधी डायफ्रॅम, वर गॅस्केट. दुसऱ्या, चार स्क्रूंच्या झाकणाच्या बाजूला (तिथेही एक डायफ्रॅम असतो) बरोबर उलट: आधी गॅस्केट, मग डायफ्रॅम. (मॉडेलनुसार क्रम बदलू शकतो, उघडतानाच फोटो काढा.) एच-एल स्क्रूंना (पेट्रोल-हवेचं मिश्रण जुळवणारे) हात लावला नाही, मेकॅनिक उगाच तेच पिळत बसतात.

आता फुल चोकवर पहिला 'फट्' येईपर्यंत ओढतो, लगेच चोक अर्धा करतो आणि पुढच्या एक-दोन ओढींत मशीन धरतं. 'फट्'नंतरही फुल चोकवर ओढत राहिलात तर प्लग भिजतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, मशीन बंद पडेपर्यंत चालवून ठेवतो.