संगणकासमोर पापणी पूर्ण मिटण्याची सवय कशी लावावी

संगणकावर तास-दोन तास सलग काम झाले की डोळे चुरचुरू लागतात, आत खडा गेल्यासारखे खुपते, आणि आपण डोळे चोळून पुन्हा कामाला लागतो. दोष बहुधा पडद्याच्या प्रकाशाला दिला जातो. पण त्याहून मोठे कारण पापणीपाशी असते. एरवी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवणारी पापणी पडद्याकडे एकटक पाहताना पाच-सात वेळाच लवते, आणि त्यातही अनेकदा ती अर्ध्यावरूनच परत फिरते.

ही अर्धवट उघडझाप मला कमी उघडझापीइतकीच घातक वाटते. पापणी खाली येते तेव्हा ती बुबुळावर अश्रूंचा पातळ थर नव्याने पसरवते, आणि पापण्यांच्या कडांमधील सूक्ष्म ग्रंथींतून तेलाचा अंश त्यावर येतो, ज्यामुळे अश्रू लवकर उडून जात नाहीत. पापणी खालपर्यंत टेकलीच नाही, तर बुबुळाचा खालचा भाग उघडा राहून कोरडा पडतो. डोळ्यांना पाणी येते म्हणजे ते कोरडे नाहीत, असा समज अनेकांचा असतो. मात्र कोरडेपणाने डोळा दुखावला की बचावासाठीच हे पाणी सुटते, आणि ते टिकून न राहता गालावर ओघळते.

सराव असा करावा. ताठ बसून, कपाळ व जबडा सैल सोडून, दोन्ही पापण्या अलगद मिटाव्यात. वरची पापणी खालच्या पापणीला टेकल्याचे जाणवले की दोन सेकंद तसेच थांबावे आणि मग सावकाश डोळे उघडावेत. असे दहा वेळा करावे. पहिल्या दोन-तीन वेळा तर्जनीचे टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी हलकेच ठेवून पाहावे: बोटाखालची त्वचा ओढली जात असेल, तर आपण पापणी मिटत नसून डोळा आवळत आहोत असे समजावे आणि जोर कमी करावा. डोळा नीट मिटला, तर बोटाखाली हालचाल जवळजवळ जाणवतच नाही.

हा सराव कामाच्या एखाद्या ठरलेल्या क्षणाशी जोडावा, कारण कामात गढून गेल्यावर पापणीची आठवण राहणे अशक्यच असते. ईमेल पाठवला, फाइल सेव्ह केली किंवा पान संपले, की दोन-तीन वेळा पूर्ण पापणी मिटावी. दर २० मिनिटांनी सुमारे २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे. त्याने जवळ पाहून ताणलेल्या डोळ्यांच्या स्नायूंना विसावा मिळतो.

यानंतर पडद्याची जागा तपासावी. पडदा हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड नजरेच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. नजर खाली झुकली की डोळ्याची फट अरुंद होते आणि अश्रूंचे बाष्पीभवन घटते. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर येत असेल, तर खुर्चीची दिशा बदलावी. अक्षरे बारीक असतील तर ती मोठी करून घ्यावीत, कारण बारीक मजकुराकडे डोळे ताणून पाहताना पापणी आणखीच कमी लवते.

एवढ्यानेही आराम न पडल्यास डोळे ओले ठेवणारे, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब वापरता येतात. लाली घालवणारे थेंब मात्र रोज वापरू नयेत. त्यांचा परिणाम ओसरल्यावर लाली पुन्हा, कधी अधिकच, उफाळते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी थेंब त्या लेन्ससोबत चालतात का, हे आधी तपासून घ्यावे. डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल, चिकट स्राव येत असेल किंवा पापणी मिटल्यावरही अंधुकपणा जात नसेल, तर सरावाचा परिणाम दिसण्याची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.