गोल्फ क्लबची ग्रिप घरच्या घरी कशी बदलायची

ग्रिप (क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, मुठीवरचं रबरी आवरण) गुळगुळीत, चकचकीत दिसायला लागली की ती गेली समजा, मग क्लब कितीही भारी असू दे, हातात फिरणारच. हातांना घाम येत असेल तर मी तरी कॉर्डवालीच घ्या म्हणेन, तिच्या रबरात धागा असतो, जरा खरखरीत लागते पण घसरत नाही. सांधे दुखत असतील तर मात्र मऊ रबर बरं.

साइजसाठी क्लब नेहमीसारखा धरा (उजव्या हाताने खेळणाऱ्यांनी डावा हात बघायचा), मधली दोन बोटं अंगठ्याखालच्या मांसल भागाला जेमतेम टेकली तर ठीक, रुतली तर ग्रिप बारीक, फट राहिली तर जाड. मिडसाइज स्टँडर्डपेक्षा साधारण १/१६ इंच जाड असते.

जुनी ग्रिप हुक ब्लेडने (आकड्यासारख्या वाकड्या पात्याने) कापायची, शाफ्ट (क्लबचा दांडा) ग्रॅफाइटचा असेल तर साधं कटर अजिबात नको, चरा पडला की शाफ्ट तुटू शकतो. जुना टेप खरवडा, नवा, दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप लावा, वर अर्धा इंच जास्त ठेवून तो शाफ्टच्या तोंडात दुमडा. आता ग्रिपच्या टोकाचं भोक बोटाने दाबून आत व्हाइट स्पिरिट (रंग पातळ करायचं द्रावण) ओता, खळखळवा, तेच टेपवर सगळीकडे ओता आणि ग्रिप शाफ्टवर एका दमात शेवटपर्यंत सरकवा. मी पहिल्यांदा मध्येच थांबून विचार करत बसलो, ती तिथेच चिकटली, नवीकोरी ग्रिप कापावी लागली! लगेच ग्रिपवरची रेघ क्लबफेसशी (चेंडूला लागणाऱ्या बाजूशी) जुळवा, रात्रभर वाळू द्या. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅसजवळ तर हे करूच नका.