भाषेच्या गृहपाठाची आठवड्याची वही: चुकांच्या पानावर काय लिहावे

भाषेच्या गृहपाठाला वेगळी वही घाला, असे सगळेच सांगतात. त्यापुढचा सल्ला मात्र बहुतेक वेळा सजावटीचा असतो: समास आखा, मथळे रंगीत पेनाने लिहा, अक्षर मोत्यासारखे काढा. अशा देखण्या वह्या मी कितीतरी तपासल्या आहेत. वर्षाच्या पहिल्या पानावरची चूक शेवटच्या पानावरही तशीच भेटते. तीच चूक पुन्हा होऊ नये, यासाठी ही वही आहे. हे काम ज्याने होत नाही ते सगळे वहीतून काढून टाका.

वही बांधणीची घ्या, सुटे कागद हरवतात. एका आठवड्याला समोरासमोरची दोन पाने द्या. डावीकडे वाचन, शब्द आणि लेखन. उजवे पान पूर्णपणे चुकांसाठी. उजवे पान कोरे दिसते म्हणून निबंध तिकडे पुढे नेऊ नका. जागा कमी पडली तर निबंध दुसऱ्या वहीत लिहा.

डावे पान

वाचनाच्या नोंदीला चार ओळी पुरेत. गोष्टीचा सारांश लिहू नका. ती पुस्तकात आहेच. वाचताना पडलेला एक प्रश्न लिहा आणि तो कोणत्या ओळीमुळे पडला ते लिहा.

नवे शब्द पाचच. शब्द ज्या वाक्यात सापडला ते वाक्य उतरवा, खाली स्वतःचे एक वाक्य करा. कोश जरूर उघडा, पण अर्थ तो मिटून आपल्या शब्दांत लिहा.

लेखन म्हणजे एक परिच्छेद, एका बैठकीत. खोडरबर वापरू नका. चुकले तर एक आडवी रेघ मारून पुढे जा, कारण खोडलेले खाली दिसले पाहिजे.

उजवे पान

वही तपासून आली की खरे काम सुरू होते. ही पायरी बसवायला मला सर्वांत जास्त काळ लागला, आणि सर्वांत वाईट सल्लाही इथेच मिळतो: चुकलेला शब्द दहा वेळा लिहा. मुले हे कसे करतात ते कधी बारकाईने पाहा. आधी ‘ग’ खाली खाली दहा वेळा, मग त्याच्या शेजारी ‘री’ दहा वेळा, मग ‘ब’. शब्द एकदाही लिहिला जात नाही, अक्षरांचे रकाने भरले जातात. हा गृहपाठ देणे कृपया थांबवा.

त्याऐवजी आधी चुका निवडा. पानावर पंधरा लाल खुणा असल्या तरी उजव्या पानावर तीनच जातील. निवडण्याची कसोटी सोपी आहे. मुलाला फक्त एवढे सांगा, ‘या ओळीत एक चूक आहे.’ ती त्याने स्वतः शोधून दुरुस्त केली, तर ते घाईतले राहून गेलेले आहे. राहिलेला काना, सुटलेला अनुस्वार जागच्या जागी नीट करा आणि विसरून जा. ओळ दाखवूनही चूक सापडली नाही, किंवा सापडली पण दुरुस्त करता आली नाही, तर ती उजव्या पानाची. अशा चुका जास्त असतील, तर मागच्या आठवड्यातही झालेल्या आधी घ्या.

प्रत्येक चुकीला तीन गोष्टी लिहायच्या: दुरुस्त केलेले आपले मूळ वाक्य, कारण आणि त्याच कारणाचे एक नवे वाक्य. सगळी मेहनत मधल्या गोष्टीत आहे. समजा मुलाने ‘गरीबाला’ लिहिले. कारणाच्या जागी ‘ऱ्हस्व-दीर्घ चुकले’ असे लिहून भागत नाही. ते चुकीला दिलेले नाव झाले. कारण असे हवे: ‘गरीब हा शब्द अकारान्त आहे, म्हणून शेवटून दुसरा री दीर्घ. ला लागल्यावर तो ऱ्हस्व झाला, गरिबाला.’ आता नव्या वाक्यात ‘गरीब’ पुन्हा घेऊ नका. त्याच नियमाचा दुसरा शब्द घ्या. फूल–फुलाला, वीट–विटेवर, मूल–मुलाने. एका चुकीतून नियम हाती लागतो तो इथे.

लगेच पुढचा अडथळा येतो. नियम नवा नवा कळलेले मूल उत्साहाने ‘शरिराला’ लिहिते. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा बदल घेत नाहीत: शरीर–शरीराला, गीत–गीताला. हा अपवाद पहिल्याच दिवशी शिकवू नका. चूक होऊ द्या, मग तिला उजव्या पानावर स्वतःची नोंद मिळेल.

कारणे शोधत बसलो तर अंत लागणार नाही, अशी भीती पालकांना वाटते. मराठीच्या लेखनविषयक नियमांपैकी १४ शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली ४ वाढले. एकूण १८, आणि मुलांच्या रोजच्या चुका त्यांतल्या मोजक्याच नियमांत पुन्हा पुन्हा पडतात. काही आठवड्यांत मूल नवी नोंद करताना स्वतःच मागचे पान उलटते.

वाक्यरचनेच्या चुकांना एक बदल करा. ऱ्हस्व-दीर्घाच्या नोंदीत चुकीचे रूप अजिबात लिहू नये, डोळ्यांत तेच बसते. वाक्याची चूक मात्र आधीचे आणि नंतरचे वाक्य शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. ‘मी अभ्यास केलो’ आणि ‘मी अभ्यास केला’ दोन्ही लिहा, खाली कारण: क्रियापद इथे अभ्यासाप्रमाणे चालते, माझ्याप्रमाणे नाही. मुलाच्या घरी ‘केलो’ बोलत असतील, तर त्या बोलण्याला चूक म्हणू नका. ती त्यांची बोली आहे, आणि प्रमाण लेखनात आपण ‘केला’ लिहितो, एवढेच सांगा. घरच्या भाषेची लाज वाटू लागलेले मूल लिहिणेच टाळते.

पुन्हा विचारणे

पान भरून वही मिटली तर मेहनत वाया जाते. पुढच्या आठवड्यात पान झाकून ती तीन नवी वाक्ये तोंडी सांगा आणि मुलाला लिहू द्या. सुटे शब्द विचारू नका. सुट्या शब्दावर मूल सावध असते, वाक्यात लक्ष विभागले जाते आणि खरी सवय दिसते. बरोबर आले तर नोंदीशेजारी टिंब, तीन आठवड्यांनी पुन्हा विचारून दुसरे टिंब. चुकले तर नोंद चालू आठवड्याच्या उजव्या पानावर नव्याने लिहा.

‘पान नुसते वाचून काढ’ हा सल्ला ऐकू नका. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे विद्यार्थ्यांवर तपासले. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. गृहपाठाच्या रात्री पुन्हा वाचलेले छान येते, म्हणून तर सगळे फसतात.

पालकांनी उजव्या पानावर स्वतःच्या हाताने काहीही लिहू नये. मुलाने कारण अडखळत, अर्धवट लिहिले असले तरी ते त्याचेच असू द्या. ते चुकीचे असेल तर तोंडी प्रश्न विचारा आणि त्यालाच बदलू द्या.

आजारपणात किंवा परीक्षेत एखादा आठवडा बुडाला, तर ती दोन पाने तारीख घालून कोरी सोडा. मागाहून भरून काढलेल्या आठवड्यात चुका बनावट असतात. पुढच्या सोमवारी पुढचे पान उघडा.