फुकटची वाद्यं आणि सॅम्पल्स: सुरुवात कुठून करायची

कॉम्प्युटरवर संगीत करायचं तर आधी दोनच सॉफ्टवेअर वाद्यं घ्या: सिंथसाठी (इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारं वाद्य) सर्ज एक्सटी किंवा व्हायटल, आणि पियानो-तंतुवाद्यांसाठी डिसेंट सॅम्पलर. पन्नास प्लगइन (अशी जोडायची सॉफ्टवेअर) भरले की आवाज निवडण्यातच संध्याकाळ जाते.

विंडोजवर व्हीएसटी३ प्रकारचं प्लगइन 'कॉमन फाइल्स'मधल्या 'व्हीएसटी३' फोल्डरमध्ये हवं. तरीही दिसत नसेल तर डॉमधून (डीएडब्ल्यू, म्हणजे गाणं रेकॉर्ड आणि मिक्स करायचं मुख्य सॉफ्टवेअर) पुन्हा स्कॅन करा. ३२ बिटचं जुनं प्लगइन ६४ बिटच्या डॉमध्ये बहुधा उघडतच नाही.

की दाबल्यावर आवाज उशिरा येतो? बफर तपासा, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती बारीक तुकडे साठवून मग वाजवतो तो आकडा; या तुकड्यांनाही सॅम्पलच म्हणतात. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे जवळपास १२ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे ३. वाजवताना १२८ ठेवा. मिक्सिंगला ५१२ किंवा १०२४ करा, नाहीतर प्रोसेसरला झेपत नाही आणि आवाज तडतडतो. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी विलंबाने पोचवणारा) निवडायला विसरू नका, नुसता बफर कमी करून भागत नाही.

सॅम्पल्ससाठी, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजांसाठी, फ्रीसाउंड ही वेबसाइट फार चांगली, पण तिथे प्रत्येक फाइलचा परवाना वेगळा. सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) परवान्यांपैकी सीसी झीरो बिनधास्त वापरा, सीसी बाय असेल तर श्रेय द्या, नॉन-कमर्शियल फाइल विकायच्या गाण्यात घालू नका. फाइल डाउनलोड करतानाच परवाना टिपून ठेवा, नंतर सापडत नाही.

आणि ड्रमच्या सॅम्पलची सुरुवातीची शांतता कापा. २० मिलिसेकंद राहिली तरी ठोका मागे पडतो.