कोपीवर पाठवायचं पत्र : मुलांना लिहितं करताना

बीड जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत मी तिसरीला शिकवते. दिवाळी झाली की वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. मुलं आज्जीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. जाताना पालक विचारतात, "बाई, आम्ही इथं नाही, त्यात आम्हाला धड लिहिता येत नाही. पोराच्या लिहिण्याला आमची काय मदत होणार?" खूप होते. कशी, ते सांगते.

निबंध लिहायला सांगू नका. 'माझी आई' म्हटलं की 'माझी आई खूप प्रेमळ आहे' हे ठरलेलं वाक्य येतं आणि मूल तिथंच थांबतं. त्याऐवजी लिहायला खरं कारण द्या. किराण्याची यादी, दुधाचा हिशेब, शेजारच्या काकूंसाठी निरोप. सगळ्यात चांगलं म्हणजे कोपीवर (ऊसतोडीच्या जागी मजूर बांधतात त्या तात्पुरत्या झोपडीत) असलेल्या आईला पत्र. ऊसतोड मजुरांची टोळी एका जागी राहत नाही, त्यामुळं टपालाचा भरवसा नाही; पत्र वहीत लिहायचं आणि घरातल्या मोठ्यानं फोटो काढून फोनवर पाठवायचं.

लिहिण्याआधी बोलू द्या. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि यासाठी आज्जीला अक्षरओळख असायची गरज नाही. मूल लिहितं, "आमची शेळी व्याली. मला आनंद झाला." पत्र संपलं! आता आज्जीनं विचारायचं: कधी व्याली? करडू कोणत्या रंगाचं? उभं राहताना काय झालं? तू कुठं होतास? मग वहीत येतं, "करडू दोनदा पडलं. आज्जीनं त्याला पोत्यानं पुसलं. मी कंदील धरला होता." आनंद झाला हे आता वेगळं लिहावं लागत नाही. लिहून झालं की मुलानं ते मोठ्यानं वाचून दाखवावं. ऐकणारा जिथं "मग?" म्हणेल, तिथं एक वाक्य वाढवायचं.

उत्तर मात्र आलंच पाहिजे. आईनं रात्री दोन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवावा, आणि "छान लिहिलंस" एवढ्यावर थांबू नये. करडाचं नाव काय ठेवलं, दूध कोण पाजतं, असं काहीतरी विचारावं. स्वतःकडचंही सांगावं: गाडी किती वाजता भरली, थंडी किती होती. मुलानं तो निरोप थांबवत थांबवत ऐकून वहीत उतरवायचा. शुद्धलेखनाचा इतका चांगला सराव मला वर्गातही घेता येत नाही, कारण आईचा एक शब्दही सुटू नये म्हणून मूल परत परत ऐकतं. ज्या घरी आईवडील गावातच असतात, त्यांनी संध्याकाळी मुलाशेजारी बसून आपल्या दिवसाच्या चार ओळी लिहाव्यात. लिहिता येत नसेल तर सांगाव्यात, मूल लिहील.

चुकांबद्दल पालक फार घाबरतात. लाल पेन घरी नकोच. आठवड्याला एकच गोष्ट धरा. आधी शब्दाच्या शेवटची वेलांटी-उकार: पाणी, शेळी, लिंबू. मराठी शब्दाच्या शेवटी ती दीर्घ असतात. 'आणि' नि 'नि' तेवढे वेगळे, ते पाठ करायचे. ते जमलं की फूल-फुलाला, विहीर-विहिरीत: अशा मराठी शब्दांत प्रत्यय लागला की शेवटून दुसऱ्या अक्षराची दीर्घ वेलांटी किंवा उकार ऱ्हस्व होतो. तोवर बाकीच्या चुका राहू द्या. फोटो पाठवण्याआधी मुलानं फक्त त्या आठवड्याची चूक स्वतः शोधायची.

घरची बोली तर मुळीच खोडू नका. आज्जी "मपलं पोरगं" (माझं पोरगं) म्हणाली असेल, तर अवतरणचिन्हांत तसंच लिहू द्या. कोण काय बोललं ते जसंच्या तसं कागदावर आणता येणं हे मोठं कौशल्य आहे. परीक्षेतल्या प्रमाण भाषेची काळजी आम्ही शाळेत घेतो.

लांबीचा आग्रह नको. दुसरीत तीन वाक्यं, तिसरीत पाच-सहा भरपूर झाली. ज्या दिवशी मूल कंटाळलेलं असेल, त्या दिवशी त्यानं सांगावं आणि मोठ्या भावंडानं लिहावं. शेवटी सही मात्र त्याची त्यानंच करायची.